स्पीड कॅमेऱ्याचा अलर्ट वाजलाच नाही? या चुका टाळा

सोलापुरातून पुण्याला नेहमी गाडी काढणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: "अलर्टचं यंत्र बसवलंय, तरी ई-चलान आलंच." स्पीड कॅमेरा जवळ आला की आवाज करून सावध करणारं हे जीपीएस यंत्र बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, त्याच्याकडून भलतीच अपेक्षा केलेली असते.

मोठा गैरसमज असा, की उपग्रह वरून कॅमेरा बघतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरच्या जीपीएस उपग्रहाला मोहोळच्या कॅमेऱ्याशी काही देणंघेणं नसतं. तो फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा प्रसारित करतो. किमान चार उपग्रहांचे संदेश पकडून यंत्र गाडी कुठे आहे ते काढतं आणि साठवलेल्या यादीशी ताडून बघतं. यादीत कॅमेऱ्याची जागा, तो कोणत्या दिशेच्या गाड्या टिपतो ते आणि वेगमर्यादा असते. यादीत नसलेल्या कॅमेऱ्यापुढे यंत्र मुकाटच राहणार. त्यामुळे यादी अपडेट न करणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. स्क्रीन केवढी हे नंतर बघा, यादी भारताची आहे ना आणि ती कधी अपडेट होते, हे आधी विचारा. स्पीडगन घेऊन आज इथे, उद्या तिथे उभी राहणारी पोलिसांची गाडी मात्र कुठलीच यादी खात्रीनं सांगू शकत नाही.

दुसरी चूक बसवण्याच्या जागेची. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सांगायला नको. त्यापायी लोक काचेला धातूचा थर असलेली चकचकीत फिल्म लावतात आणि तीच सिग्नल अडवते. यंत्र घेऊन मोकळ्या मैदानात उभे राहा. तिथे झटकन उपग्रह सापडले आणि गाडीत बसल्यावर गायब झाले, तर दोष काचेचा. मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्डवर यंत्र सोडून जाऊ नका. यंत्र काचेला धरून ठेवणारा रबरी कप सुटतो, बॅटरी फुगते.

गाडी सुरू केली की लगेच निघायची घाईही नडते. उपग्रहाच्या कक्षेचा तपशील पूर्ण यायलाच 30 सेकंद लागतात, आणि बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तर आकाशच दिसत नाही. सिग्नल स्थिर झाल्याशिवाय हायवेला लागू नका.

सर्व्हिस रोडवर उगाच बोंबलणारं यंत्र अनेकांना वैताग आणतं. शेजारच्या दोन रस्त्यांतलं अंतर काही मीटरचं, आणि जीपीएसची चूकही साधारण तेवढीच. उड्डाणपुलावर आहात की खाली, यातही गफलत होते. अशा वेळी रस्त्यावरच्या पाटीचंच ऐका.

काटा 100 आणि यंत्र 95 दाखवतं म्हणून यंत्राला दोष देऊ नका. स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त वेग दाखवतो, कमी दाखवायची त्याला परवानगी नाही. पण म्हणून वरचे पाच आपलेच, असं धरून चालू नका. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजणारी यंत्रणा असेल, तिथे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबण्याचाही उपयोग नाही.

वेगमर्यादा ओलांडली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 खाली हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये दंड आहे. कॅमेरे असलेल्या पट्ट्यात इशाऱ्याच्या पाट्या ठळकपणे लावणं 2021 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे, त्यामुळे डोळे उघडे ठेवले तर निम्मं काम फुकटात होतं. तरीही चलान आलंच, तर त्यावरची जागा आणि वेग नीट वाचा. आपल्या यंत्रात स्वतःचे पॉइंट टाकायची सोय असेल, तर ती जागा दिशेसकट लगेच भरून टाका.