गुंतलेली मुळं पाण्यातच सोडवायची

माझा हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीशिवाय खताच्या पाण्यात रोपं वाढवायचा, टब 40 लिटरचा आहे, काळा, झाकणाला सहा भोकं. पहिल्या खेपेला मी त्यात दोन लेट्यूस, दोन बेझिल, एक टोमॅटो आणि एक पुदिना लावला. दीड महिन्यानं एक लेट्यूस दुसऱ्या टबात हलवायचं म्हणून त्याचा नेटपॉट (झाकणाच्या भोकात बसणारी जाळीदार कुंडी) उचलला, तर शेजारचा पुदिनाही त्याच्यासोबत वर आला. खाली सगळ्यांची मुळं मिळून एक जाड पांढरी गादी झाली होती. मी ओढलं. लेट्यूसची निम्मी मुळं पुदिन्याच्या जाळ्यात तुटून राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या रोपानं मान टाकली. ते मला फार लागलं. तेव्हापासून हे काम मी घाईनं कधीच केलेलं नाही.

सगळ्यात आधी, सोडवायची खरंच गरज आहे का ते बघा. वेगवेगळ्या रोपांची मुळं एकमेकांत नुसती विणली जातात, त्यामुळे गुंता हा काही रोग नव्हे. दोन्ही रोपं तजेलदार असतील, टोमॅटो फुलावर असेल, तर हात लावू नका. लेट्यूस कापणीलाच आलं असेल तरीही गुंता सोडवण्यात अर्थ नाही. बुंध्याशी कापा आणि त्याची जेवढी मुळं हाताला येतील तेवढी कात्रीनं काढून घ्या, कारण मेलेली मुळं टाकीत कुजतात.

सोडवायची वेळ येते ती रोप हलवायचं असेल तेव्हा, एखादं आजारी पडलं तेव्हा, किंवा गादी इतकी दाट झाली की आतपर्यंत हवा पोचत नाही तेव्हा. 20 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, 30 अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. म्हणजे उन्हाळ्यात मुळं दाटलेली आणि पाण्यात हवा कमी, असं दोन्हीकडून होतं. गादीच्या मधोमध बोट घालून बघा. मुळं पांढरी किंवा खताच्या रंगानं जराशी पिवळट असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा उरत असेल, तर मूळकूज आहे. पिथियमसारख्या रोगकारकाचे बीजाणू पाण्यात पोहतात. तेव्हा रोपं वेगळी करून भागत नाही, सगळं पाणी बदला आणि टाकी धुऊन घ्या.

आता मुख्य गोष्ट. रंगाचा ब्रश पाण्यात बुडवला की त्याचे केस फुलतात, बाहेर काढला की चिकटून एक टोक होतं. मुळांचंही तसंच आहे. हवेत आणली की पृष्ठताणामुळे ती एकमेकांना घट्ट बिलगतात; पाण्यात प्रत्येक मूळ सुटं तरंगतं. म्हणून एक पसरट, शक्यतो पांढरं घमेलं घ्या, म्हणजे मुळं स्पष्ट दिसतात. त्यात टाकीतलंच पाणी भरा. नळाचं गार पाणी एकदम नको. एअर स्टोन, म्हणजे पंपाची हवा बुडबुड्यांनी पाण्यात सोडणारा सच्छिद्र दगड, त्याच घमेल्यात सोडा. हे सगळं संध्याकाळी करा, तेव्हा पानांतून पाणी कमी उडतं आणि मुळांवर ओढ कमी असते.

झाकण रोपांसकट उचलून घमेल्यावर आणा आणि दोन्ही बाजूंना उंच, मजबूत आधारावर ठेवा. मुळं पूर्ण बुडायला हवीत. मग दहा मिनिटं काहीही करू नका. बुडबुड्यांनीच बराच गुंता सैल होतो. त्यानंतर अगदी खालच्या टोकांपासून सुरुवात करा आणि वर चढत या. बुंध्याकडून खाली यायचा मोह होतो, पण तसं केल्यानं गाठ आवळत जाते. बोटांबरोबर मी बोथट टोकाची विणायची सुई वापरते. ती दोन मुळांच्या मध्ये घालून हलकेच आडवी हलवायची. ओढायचं नाही.

अर्ध्या तासात जे सुटत नाही ते कापायचं, पण कोणाचं कापायचं हे आधी ठरवा. पुदिना, बेझिल आणि टोमॅटो यांना खोडातूनही नवी मुळं फुटतात, म्हणून कात्री त्यांच्यावर चालवा. लेट्यूसला जपा. पुदिन्याचे धावते फुटवे तर पाण्याखालून शेजारच्या नेटपॉटमध्येच शिरलेले असतात. ते बिनधास्त कापा, पेर असलेला तुकडा वेगळा लावला तर रोपही होतं. कात्री धारदार हवी, 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलेली. स्वच्छ काप लवकर भरतो, चिरडलेल्या मुळातून कूज शिरते. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं काढू नका आणि जेवढी मुळं गेली त्या मानानं थोडी पानंही छाटा. मुळं शेजाऱ्याच्या जाळीतून आरपार गेली असतील तर नेटपॉट कापा. प्लास्टिक दुसरं मिळतं.

नंतरचे दोन-तीन दिवस प्रकाश कमी ठेवा, पोषक द्रावण निम्म्या ताकदीचं, पीएच 5.5 ते 6 च्या दरम्यान. आखूड झालेल्या मुळांपर्यंत पाणी पोचतंय ना ते बघा, मात्र वरची थोडी मुळं हवेत राहू द्या. दुसऱ्या दिवशी रोप थोडं मलूल दिसेल, तेव्हा घाबरून खत वाढवू नका. माझ्या रोपांना साधारण आठवड्याभरात पांढरी नवी टोकं दिसू लागतात.

आता मी प्रत्येक नेटपॉटला खालून बारीक जाळीच्या कापडाची लांब पिशवी बांधते. मुळं तिच्याबाहेर थोडीफार येतातच, पण गादी होत नाही. एका टबात एकाच वेगानं वाढणारी रोपं लावते आणि तिसऱ्या आठवड्यापासून दर रविवारी झाकण उचलून बघते. तेव्हा एखाददुसरं मूळच शेजारी गेलेलं असतं, ते बोटानं मागे घेता येतं. पुदिना मात्र स्वतंत्र बादलीत.