गच्चीवर माती चढवू नका, पाला चढवा

पहिल्या वर्षी मी काय केलं तर टेम्पोभर लाल माती मागवली, दोन पोरं लावून तिसऱ्या मजल्याच्या वर गच्चीत चढवली आणि कठड्याला लागून विटांचा वाफा करून सगळी ओतली. टोमॅटो झकास आले, पण जुलैत खालच्या काकूंच्या किचनच्या सिलिंगला ओल पण आली आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझा जो उद्धार झाला तो विचारू नका. चूक माझीच होती.

म्हणून आधी वजनाचं बघा. ज्या गच्चीवर जायला जिना असतो तिचा स्लॅब आयएस 875 (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे दर चौरस मीटरला साधारण 150 किलो जास्तीचा भार धरून डिझाइन करतात. भिजलेल्या मातीचा चारच इंचाचा थर सगळीकडे पसरला की तेवढा कोटा संपला! बिल्डिंग जुनी असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, इथे पैसे वाचवायला जाऊ नका. मग पाण्याची टेस्ट, म्हणजे पाईपच्या जाळ्या बंद करून दोन इंच पाणी एक-दोन दिवस तुंबवून ठेवायचं आणि खालच्यांना छत बघायला सांगायचं. ओल दिसली तर आधी वॉटरप्रूफिंग, बाग नंतर. आणि हो, सोसायटीची परमिशन लेखी घ्या, तोंडी ‘हो हो करा की’ला काही अर्थ नसतो.

आता मातीच्या जागी काय, तर पालापाचोळा, रसवंतीवाल्याकडचं उसाचं चिपाड, नारळाच्या शेंड्या आणि घरातला ओला कचरा. ही काही माझी आयडिया नाही, तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर 2002 पासून किचनचा कचरा तिथेच जिरवून त्यात भाज्या, फळझाडं वाढवलीत.

मंडईतून फळांचे जुने प्लास्टिक क्रेट आणा, आतून जुनी साडी नाहीतर शेडनेट लावा आणि प्रत्येक क्रेट चार विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहतं, झाडू फिरतो. शक्यतो बीम-कॉलमच्या वर ठेवायचे, कठड्यावर अजिबात नाही. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा.

भरायच्या आधी बादलीत 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ठेवा, रोज दोनदा ढवळा. याला अमृतजल म्हणतात. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून त्यात वाळका पाला दिवसभर भिजवायचा. मग क्रेटमध्ये पाला, त्यावर मूठभर माती, मग भाज्यांची देठं-सालं, परत पाला असे थर पायानं दाबून भरायचे. वरचा थर कायम वाळक्या पाल्याचा हवा नाहीतर चिलटं होतात, आणि शिजलेलं अन्न घालाल तर उंदीर हमखास येणार. दोन-तीन आठवड्यांत क्रेट खाली बसतो, परत भरा. तीन महिन्यांनी खालून जे काळं, भुसभुशीत निघतं ना, त्याला पहिल्या पावसाचा वास येतो, खरंच.

पण तीन महिने हात बांधून बसायला नको. वर दोन-तीन इंच कंपोस्ट आणि थोडी माती पसरून मेथी पेरा, तीन-चार आठवड्यांत जुडी हातात. मग मिरची, वांगी, आंबट चुका. अळू नळाजवळ ठेवा. उन्हाळ्यात वर पाला अंथरलेला असेल तर पाणी बरंच कमी लागतं. मावा (कोवळ्या पानांवरची बारीक कीड) दिसला की लिटरभर पाण्यात 5 मिली निमतेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड घालून संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पानं करपतात. पावसाळ्यात जाळीत पाला अडकतो, ती आठवड्याला साफ करा, नाहीतर परत काकू!

दुधीचा वेल मांडवावर चढवलात तर एक लक्षात ठेवा. गच्चीवर पराग नेणारे किडे कमी फिरकतात, फुलं येतात आणि छोटे दुधी पिवळे पडून गळतात, मग लोक खतं मारत बसतात. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी फूल, नर फूल तोडून त्याचा पराग त्यावर हलकेच फिरवायचा, बास. ऑफिसमधून आल्यावर चहाचा कप घेऊन वर जायचं, पाच मिनिटांचं काम आहे.