मार्को पोलो लढाईत उतरवण्याआधी

रविवारी रात्री वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स या युद्धनौकांच्या ऑनलाइन खेळात तिघांची डिव्हिजन, म्हणजे एकत्र खेळायची टोळी, ठरलीय आणि तू मार्को पोलो आणणार म्हणतोस, तर ती आधी पोर्टमध्येच, म्हणजे लढाईबाहेरच्या पडद्यावरच, नीट बघून घे. नवव्या टियरची (पातळीची) ही इटालियन बॅटलशिप प्रत्यक्षात कधी बांधलीच गेली नाही. खऱ्याखुऱ्या लिट्टोरियो वर्गातल्या बॅटलशिपांना इटलीने 381 मिलिमीटर व्यासाच्या तोफा दिल्या, कारण 406 ची नवी तोफ घडवण्यात फार वेळ गेला असता. अनसाल्दो या इटालियन जहाजबांधणी कंपनीने मात्र 1936 मध्ये सोव्हिएत नौदलासाठी यूपी 41 हा आराखडा काढला, त्यात 406 च्या नऊ तोफा होत्या. मार्को पोलोचे तोफांचे तीन मनोरे पाहिले की मला तोच आराखडा आठवतो.

हे इतिहासाचं कौतुक पुरे, पण खेळातला एक आकडा पाठ कर. तोफेच्या व्यासाला 14.3 ने भाग. जेवढे मिलिमीटर येतील तेवढ्या जाडीचा पत्रा एपी (चिलखतभेदी) गोळा कुठल्याही कोनातून फोडतो. अपूर्णांक सोडला तर 381 ला 26 येतात, 406 ला 28. म्हणजे 27 मिलिमीटरचं नाक असलेले हिपर किंवा बाल्टिमोर हे क्रूझर 381 च्या तोफांच्या रोमासमोर नाक रोखून निभावतात, तुझ्यासमोर नाही. असे क्रूझर समोर दिसले की एपीच भर. वरच्या टियरच्या बॅटलशिपांची 32 ची नाकं मात्र तुलाही फुटणार नाहीत. ती सरळ तुझ्याकडे तोंड करून उभी असली तर एसएपी (अर्धचिलखतभेदी) गोळे भर आणि वरच्या बांधकामावर टाक.

एचई, म्हणजे आग लावणारे स्फोटक गोळे, या बोटीला नाहीतच, त्यामुळे आग लावायची सवय घरी ठेवून ये. एसएपी आग लावत नाही, पण आरपार निघूनही जात नाही, म्हणून डेस्ट्रॉयर हाती लागला तर त्याचं काही खरं नाही. घोळ गोळा बदलताना होतो. तोफा भरायला अर्धं मिनिट तरी लागतं. मी एकदा डेस्ट्रॉयरच्या आशेने एसएपी भरून बसलो आणि बेटामागून एक क्रूझर अख्खी ब्रॉडसाईड (कडेची पूर्ण बाजू) दाखवत निघाला. घाईत बटण दोनदा दाबलं, तोफा रिकाम्या होऊन पुन्हा भरू लागल्या, आणि भरेपर्यंत तो पुढच्या बेटाआड. तेव्हा कॅप्टनला गन फीडर हे गोळा लवकर बदलण्याचं कौशल्य दे, आणि बटण दोनदा दाबायच्या आधी मिनीमॅप बघ.

लपण्याचं मॉड्यूल आणि कौशल्य दोन्ही लाव, त्यात वाद नको. एक आग लागली म्हणून आग विझवणारं डॅमेज कंट्रोल वापरू नकोस, दुसरीची वाट बघ. टॉर्पेडोंपासून वाचवायला उंबेर्तो पुग्लिएजेंची नळकांड्यांची रचना इटालियन बोटींत होती खरी, पण 11 नोव्हेंबर 1940 च्या रात्री तारांतो बंदरात तीन टॉर्पेडो लागल्यावर लिट्टोरियो तळाला टेकलीच. तेव्हा टॉर्पेडो सोडणारा डेस्ट्रॉयर लपलेला असू शकतो अशा धुराच्या पडद्याकडे नाक करून सरळ जाऊ नकोस, एवढंच.

खेळाचं अपडेट शनिवारीच उतरवून ठेव. आणि माइक लावून बसणार असशील तर स्वयंपाकघराचं दार लोटून घे, गेल्या वेळी अर्धी लढाई तुमच्या कुकरच्या शिट्ट्यांतच गेली.