एक्झिटचा बाण वर का असतो? सेफ्टीत नव्याने आलेल्यांसाठी

प्लांटच्या पहिल्या राउंडला बोर्डांवरचा मजकूर वाचत बसू नका. आधी आकार बघा, मग रंग. हिरवा आयत किंवा चौकोन म्हणजे बाहेर पडायची वाट किंवा प्रथमोपचार. लाल चौकोन म्हणजे आग विझवायचं साधन किंवा एमसीपी, म्हणजे आगीचा अलार्म हाताने वाजवायचं बटण. लाल गोल आणि तिरका पट्टा म्हणजे मनाई, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका, निळा गोल म्हणजे सक्ती. लाल रंग दोनदा आला, म्हणूनच आकार पाठ हवा. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात.

खरी गडबड बाणाची. आयएसओ पद्धतीत दारावरचा वर जाणारा बाण ‘सरळ पुढे, या दारातून’ असं सांगतो, आणि खाली जाणारा बाण खालच्या मजल्याकडे नेतो. जुन्या बोर्डांवर मात्र दारावरच खाली बाण असतो आणि त्याचा अर्थ ‘हेच ते दार’. एकाच मजल्यावर दोन्ही प्रकार लागले असतील तर नवखा माणूस जिना शोधत बसेल. एकच पद्धत ठेवायला लावा. बोर्डातला पळणारा माणूस एकीकडे आणि बाण दुसरीकडे, हेही सर्रास दिसतं.

दाराच्या फळीवर एक्झिटचा बोर्ड लावू नये, दार उघडं राहिलं की तो भिंतीकडे जातो. जागा चौकटीच्या वर. मापाचा ढोबळ हिशेब असा: बाहेरून उजेड पडणारा बोर्ड त्याच्या उंचीच्या १०० पट अंतरावरून वाचता येतो, आतून दिवा असलेला २०० पट. म्हणजे १५ सेंमीचा साधा बोर्ड १५ मीटरपर्यंत. धूर आधी छताशी साचतो, तेव्हा लांब पॅसेजमध्ये जमिनीलगतही चमकती पट्टी हवी.

चमकणारे बोर्ड उजेड साठवून चमकतात. ज्या स्टोअरमध्ये दिवसभर दिवे बंद, तिथे ते ऐनवेळी काळेच राहणार. बॅटरीवाल्या बोर्डांचं दुखणं वेगळं: वीज गेली की जनरेटर लगेच उचलतो, त्यामुळे बॅटरी मेलेली कुणाला कळतच नाही. इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन त्या लाइनचा ब्रेकर पाडा आणि किती वेळ दिवा टिकतो ते घड्याळ लावून लिहून ठेवा. महाराष्ट्रात फॉर्म बी, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. ही तपासणी त्याच्या महिनाभर आधी उरकलेली बरी.

एक्स्टिंग्विशरचा बोर्ड सिलिंडरच्या मागे नको, डोक्याच्या वर हवा. खाली खोक्यांची थप्पी लागणारच, ती कितीही वेळा हटवा.

टाक्यांवरच्या चार रंगी चौकटीला वरचे नियम लावू नका. तिथे निळा म्हणजे आरोग्याला धोका, लाल ज्वलनशीलता, पिवळा अस्थिरता. आकडे ० ते ४, चार सर्वांत वाईट. खालच्या पांढऱ्या घरात आडवी रेघ मारलेला डब्ल्यू दिसला, तर त्या टाकीवर पाणी मारायचं नाही.