कॉम्प्युटरचं बारसं: फोनवर सांगता येईल असं नाव कसं ठेवावं

घरच्या राउटरला जोडलेल्या उपकरणांची यादी उघडून पाहा. एक 'डेस्कटॉप' आणि पुढे सात अक्षरा-आकड्यांचा गुंता, तसाच एक 'लॅपटॉप', एक फोन कंपनीच्या मॉडेल क्रमांकाने आणि एक कुणाच्या तरी पूर्ण नाव-आडनावाने. यातल्या कुठल्या यंत्राचा बॅकअप राहिलाय, कुठलं अनोळखी आहे, काही कळत नाही. तोंडी नावांची तऱ्हाही तीच. 'बाबांचा जुना लॅपटॉप' दोन वर्षांनी मुलीकडे जातो, बाबांकडे नवा येतो, तोही जुना होतो. बैलजोडीला सर्जा-राजा म्हणणाऱ्या आणि जंजिऱ्यावरची तोफ कलालबांगडी म्हणून ओळखणाऱ्या आपल्या लोकांना वस्तूला नाव ठेवणं काही नवीन नाही.

'सुचेल ते ठेवा, नंतर बदलता येतं' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो चुकीचा आहे. नाव बदलतं, पण त्या नावाला धरून बसलेला प्रिंटर, बॅकअप आणि फोटोंचे पत्ते बदलत नाहीत. बारसं पहिल्याच दिवशी करा, आणि विचार करून करा.

पायरी 1: कशाला नाव द्यायचं

जी वस्तू पडद्यावरच्या एखाद्या यादीत दिसते, किंवा जिच्याबद्दल घरात रोज बोलणं होतं, तिला. लॅपटॉप, फोन, हार्ड डिस्क, प्रिंटर, ब्लूटूथ स्पीकर, स्कूटर, तंबोरा. माउस आणि पेन स्टँडला नको.

पायरी 2: एक मालिका धरा

सुटी सुटी नावं शोधत बसलात तर तिसऱ्या यंत्रानंतर अडाल. मालिका कशी असावी हे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेकडून शिकावं. तिथल्या महासंगणकांची नावं आधी 'आदित्य', मग 2018 मध्ये 'प्रत्यूष', मग 2024 मध्ये 'अर्क'. नोएडातल्या हवामान केंद्रात 'भास्कर', 'मिहिर' आणि 'अरुणिका'. सगळी सूर्याच्या घरातली. एकाही नावात 'हवामान' नाही, 'नवा' नाही, 'पुणे' नाही. काम, वय किंवा जागा नावात घातली की ती बदलल्या दिवशी नाव खोटं ठरतं. 'ऑफिस-पीसी' मुलाच्या अभ्यासाला गेला तरी नावाने ऑफिसातच राहतो.

महासंगणक बनवणाऱ्या सीडॅक या सरकारी संस्थेची पद्धत वेगळी. 1991 च्या 'परम 8000' पासून 'परम पद्म', 'परम युवा', 'परम ब्रह्म' असं आडनावासारखं 'परम' पुढे लावलेलं. देशभर पसरलेल्या यंत्रांना ते शोभतं. घरात हे करू नका. सगळी नावं एकाच शब्दाने सुरू झाली की फोनच्या अरुंद पडद्यावर मागचा भाग कापला जातो आणि चार ओळी सारख्याच दिसतात.

पायरी 3: नाव पारखा

सगळी गाडी अडते ती इथे. मराठी नाव मनात देवनागरीत येतं, पण यंत्रात ते इंग्रजी अक्षरांत टाकावं लागतं, आणि आपल्या बहुतेक शब्दांची इंग्रजी अक्षरांतली स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतात. माझी कसोटी एकच: फोनवर नाव एकदा उच्चारलं आणि पलीकडच्या माणसाने स्पेलिंग न विचारता बरोबर टाइप केलं, तरच ते नाव घ्यायचं. बाकी सगळे गुण दुय्यम.

किल्ल्यांची मालिका सगळ्यांना पहिल्यांदा सुचते, आणि तीच सर्वांत जास्त फसवते. राजगड आणि रायगड यांच्यात इंग्रजीत फक्त मधल्या जे आणि आयचा फरक. ही दोन नावं एका घरात कधीही ठेवू नका. एकाच्या जागी दुसऱ्याची डिस्क पुसली जायला अर्धा सेकंद पुरतो. त्यातून निम्म्या किल्ल्यांच्या शेवटी 'गड', म्हणजे ऐकणाऱ्याला ओळख पटवायला फक्त पहिला तुकडा उरतो. लोहगड कुणी एलओएच नंतर थेट जी लिहितं, कुणी मध्ये ए घालतं. तोरण्याचंही तेच, आर आणि एनच्या मध्ये ए आहे की नाही यावर घरात दोन पक्ष पडतात. आपण उच्चारात गिळतो तो 'अ' हे या घोटाळ्याचं पहिलं कारण.

दुसरं कारण ऱ्हस्व-दीर्घ. भीमा, नीरा, हमीर, भूप: एक आय की दोन ई, एक यू की दोन ओ? तिसरं व: मारवा व्हीने की डब्ल्यूने? चौथं ज्ञ: ज्ञानेश्वर डीएनवायने लिहावं, जीवायने की जेएनने, तिन्ही चालतात आणि म्हणूनच एकही चालत नाही. क्ष आणि फ हेही टाळा. ळ आणि ण मात्र तितके वाईट नाहीत, कारण ते लिहिताना सगळे एल आणि एनच वापरतात. उच्चाराची खूण पुसली जाते, पण स्पेलिंग एकच राहतं, आणि आपल्याला तेवढंच हवंय.

नद्यांमध्ये खड्डे वेगळे आहेत. वैनगंगा आणि पैनगंगा एका अक्षराने वेगळ्या. मुळा-मुठा फोनवर एकमेकींत मिसळतात. पूर्णा तर महाराष्ट्रातच दोन आहेत, एक तापीला मिळणारी आणि एक गोदावरीला. तापी मात्र चोख: चार अक्षरं आणि फाटे नाहीत.

रागांची मालिका माझ्या मते सर्वांत सोयीची. यमन, तोडी, केदार, मल्हार, ललित, बसंत. सगळे छोटे, सगळ्यांची सुरुवात वेगळ्या अक्षराने, स्पेलिंगला फाटा जवळजवळ नाही. किल्लेच हवे असतील तर साल्हेर, मुल्हेर, हरिहर घ्या. साल्हेर-मुल्हेरपैकी मात्र एकच. यमक जुळणारी दोन नावं ऐकताना गोंधळ करतात.

आता घरातल्या तिघांना वेगवेगळं बसवून नाव इंग्रजीत लिहायला सांगा. तिघांचं सारखं आलं तर पुढे जा. एकाचं जरी वेगळं आलं तरी ते नाव सोडा. 'आपण ठरवू तेच स्पेलिंग' असं म्हणून रेटू नका. ठरवलेलं घाईच्या वेळी आठवत नाही, हात सवयीने चालतो.

स्पेलिंग जमलं की वाक्यांत बसवून पाहा. 'केदार बंद पडला.' 'केदार फॉरमॅट कर.' 'केदार विकून टाकू.' ही वाक्यं आज ना उद्या तोंडून निघणारच. आता केदारच्या जागी विठ्ठल घाला, किंवा आजोबांचं नाव. जीभ अडखळली तर ते नाव यंत्राला नको. ज्याच्यावर श्रद्धा आहे किंवा ज्याला आपण एकेरीत हाक मारत नाही, त्याचं नाव पुसून टाकायच्या वस्तूला देणं नंतर मनाला लागतं. हयात नातेवाइकाचं नावही नको. 'मीनाला व्हायरस लागलाय' हे मीनाने ऐकलेलं बरं नाही.

लिंगही आत्ताच ठरवा, कारण मराठीत त्यावाचून वाक्य पुरं होत नाही. लॅपटॉप 'तो', गाडी 'ती', यंत्र 'ते'. पण नाव ठेवल्यावर क्रियापद नावामागे जातं. तापी तापली, केदार तापला. लॅपटॉपचं नाव तापी ठेवलंत तर घरात सगळ्यांनी 'ती'च म्हणायचं. शेवटी, विभक्ती लावून बघा. केदारवर, तापीवर, मल्हारमध्ये: नाव जसंच्या तसं राहतं. कोयनेवर, तोरण्यावर: नाव बदलतं. 'फोटो कोयनेवर टाक' ऐकून नवखा माणूस यादीत शोधतो तेव्हा त्याला कोयना दिसते. म्हणून शक्यतो व्यंजनावर किंवा ई-कारावर संपणारं नाव घ्या.

पायरी 4: लांबी आणि अक्षरं

चार ते आठ इंग्रजी अक्षरं, सगळी लहान लिपीतली. नेटवर्कवरच्या नावात अक्षरं, आकडे आणि आडवी छोटी रेघ एवढंच चालतं. अंडरस्कोअर, स्पेस, टिंब नाही, आणि रेघ सुरुवातीला किंवा शेवटी नाही. विंडोजच्या जुन्या नेटवर्क पद्धतीत 15 अक्षरांपुढचं नाव कापलं जातं, आणि नुसत्या आकड्यांचं नाव विंडोज घेत नाही. पेन ड्राइव्ह फाइली मांडायच्या एफएटी32 किंवा एक्सफॅट पद्धतीची असेल तर नावाला 11 अक्षरांची हद्द, एनटीएफएस पद्धतीला 32.

देवनागरी नाव वाय-फायला देता येतं, पण हिशोब समजून घ्या. वाय-फायच्या नावाला 32 बाइटची जागा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'ज्ञानेश्वरी' डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, मोजली तर 11 चिन्हं, म्हणजे 33 बाइट. एका बाइटने बाहेर. 'चंद्रभागा' 27 मध्ये बसतं.

नावात आडनाव, फ्लॅट नंबर किंवा मोबाइल नंबर नको. लॅपटॉप आणि फोन बाहेरच्या वाय-फायला जोडताना बहुतेक वेळा आपलं नाव समोरच्या राउटरला सांगतात, आणि ब्लूटूथचं नाव शेजारच्या टेबलावर दिसतं.

पायरी 5: नाव घाला

विंडोज: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट, 'रिनेम धिस पीसी', मग रीस्टार्ट. मॅक: सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, अबाउट, नेटवर्कवरचं 'लोकल होस्टनेम' वेगळं असतं, ते जनरलमधल्या शेअरिंगमध्ये तपासा. तिथे नावापुढे आपोआप '-2' लागलेलं दिसलं तर त्याच नावाचं दुसरं यंत्र नेटवर्कवर आहे किंवा होतं. आयफोन: सेटिंग्ज, जनरल, अबाउट, नेम. अँड्रॉइड: सेटिंग्ज, अबाउट फोन, डिव्हाइस नेम, काही फोनांत ब्लूटूथ आणि हॉटस्पॉटचं नाव वेगळं बदलावं लागतं.

लिनक्सवर होस्टनेमसीटीएल या आज्ञेने नाव बदलून थांबू नका. डेबियन आणि उबुंटूत ईटीसी फोल्डरमधल्या होस्ट्स फाइलमध्ये 127.0.1.1 च्या ओळीत जुनं नाव तसंच राहू शकतं. मग सुडो लावून, म्हणजे मुख्य चालकाच्या अधिकाराने, दिलेल्या प्रत्येक आज्ञेला 'होस्ट सापडत नाही' अशी तक्रार येते. ती ओळ हाताने बदला.

पायरी 6: जुन्या नावाला काय चिकटलंय ते सोडवा

एका कॉम्प्युटरला जोडून दुसऱ्यावर शेअर केलेला प्रिंटर त्या कॉम्प्युटरच्या नावाने शोधला जातो. नाव बदललं की तो 'ऑफलाइन' दिसतो. काढून पुन्हा जोडा. विंडोजची फाइल हिस्टरी बॅकअप डिस्कवर कॉम्प्युटरच्या नावाचं फोल्डर करते. नवं नाव म्हणजे नवं फोल्डर. जुनं लगेच पुसू नका, तुमच्या जुन्या प्रती तिथेच आहेत. मॅक आणि लिनक्सवर बाहेरच्या डिस्कचं नाव फाइलच्या पत्त्यातच असतं, त्यामुळे फोटोंच्या प्रोग्रॅमला डिस्कचं नाव बदलल्यावर एकही फोटो सापडत नाही. नाव पूर्ववत केलं की सापडतात. डिस्कचं बारसं ती भरण्याआधी करा. आयफोनचं नाव बदललं की हॉटस्पॉटचंही बदलतं, लॅपटॉपवर नव्याने निवडावं लागतं.

पायरी 7: वस्तूवर नाव लिहा

पडद्यावरचं नाव यंत्र बंद पडल्यावर दिसत नाही. लॅपटॉपच्या खाली छोटं लेबल लावा, हवेच्या जाळ्या आणि सीरियल नंबर सोडून. तेच नाव त्याच्या चार्जरवरही घाला. घरात सारख्या पिनचे आणि वेगळ्या व्होल्टेजचे चार्जर असतील तर हे लेबल यंत्र वाचवतं. स्टीलच्या भांड्यांवर दुकानात मशीनने नाव घालून देतात, तसं हार्ड डिस्कवर कधीही घालू नका. त्या थरथरीने आतली चकती आणि वाचणारा काटा यांचं नुकसान होतं.

तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या भोपळ्याला स्टिकर नको, डिंकाने पॉलिश निघतं. नाव गवसणीवर शिवून घ्या. स्कूटरचं नाव रेडियमवाल्याकडून करून बाजूच्या पॅनेलवर लावा. नंबर प्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय काहीही लिहिणं नियमाविरुद्ध आहे.

पायरी 8: निवृत्त नाव

नौदलाने 1997 मध्ये निवृत्त झालेल्या 'विक्रांत'चं नाव 2022 मध्ये नव्या विमानवाहू नौकेला दिलं. मधली 25 वर्षं महत्त्वाची आहेत. मेलेल्या लॅपटॉपचं नाव दुसऱ्याच दिवशी नव्याला दिलंत तर बॅकअपमध्ये दोन केदार होतात आणि कुठल्याची फाइल ताजी हे कळत नाही. जुन्या यंत्राच्या प्रती कुठेही शिल्लक आहेत तोवर त्याचं नाव कुणाला देऊ नका.

अपवाद फक्त वाय-फायचा. राउटर बदलला तर जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड नव्याला द्या. टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर आपोआप जोडले जातात आणि घरभर फिरून प्रत्येकात पासवर्ड घालायचं काम वाचतं.

एका वहीत प्रत्येक नावापुढे सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि सध्या कुणाकडे आहे ते लिहा. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या एकाच फोनचा ओळख क्रमांक, डायलवर *#06# दाबल्यावर दिसतो, तोही त्याच ओळीत. चोरीची तक्रार देताना पोलीस तोच मागतात. यंत्र विकलं की ओळ खोडा, पण फाडू नका.