व्हॅक्यूमची टाकी आत का चेपली?

१ मीटर व्यासाची, २ मीटर लांबीची स्टेनलेस टाकी मी २ मिमी पत्र्याची ठरवली. पत्र्याला १२० एमपीए (मेगापास्कल) ताण चालेल असं धरून आतल्या दाबाचं नेहमीचं सूत्र जेमतेम ०.४२ मिमी जाडी मागत होतं! पूर्ण व्हॅक्यूम येण्याआधीच मोठा आवाज झाला आणि टाकी चेपली. फार वाईट वाटलं.

सूत्रच चुकीचं निवडलं होतं. बाहेरून दाब आला की पत्रा फाटत नाही, बाक येऊन कोसळतो. तिथे ताठपणा, आधाराविना लांबी आणि जाडी-व्यास गुणोत्तराचा अडीचावा घात महत्त्वाचा. पूर्ण व्हॅक्यूमला बाहेरच्या हवेचा दाब सुमारे १ बार असतो; त्या हिशेबाने २ मिमीला ०.४५ बारच झेपत होता. ३ मिमीला १.२५.

नवी टाकी ३ मिमीची केली, बाहेरून समान अंतरावर दोन भक्कम रिंगा वेल्ड केल्या. क्षमता सुमारे ३.८ बार झाली. तिप्पट सुरक्षा मला हवीच होती. गोलाईही मोजून घेतली.