कीड न मारता बाग करताय? मग या चुका टाळा

इंदूरात गच्चीवर कुंड्या ठेवणारे बरेच जण सांगतात की आम्ही काही मारत नाही हो, आणि हातात नीम ऑइलची बाटली. अहो, त्यातल्या अझाडिरॅक्टिनमुळे किड्याला कात टाकता येत नाही, मरतोच तो, फक्त हळूहळू. साबणाच्या पाण्याने तर लगेच मरतो. पिवळं चिकट कार्डही नकोच, त्याला मित्रकिडेसुद्धा चिकटतात.

खरी चूक आधीच होऊन बसलेली असते, ती म्हणजे युरिया. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तिच्यावरच तुटून पडतो. 1924 ते 1931 या काळात इथेच इंदूरात काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड या ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञाचं म्हणणंच होतं की कीड म्हणजे पीक नीट वाढत नसल्याची खूण, आणि त्याची कंपोस्टची पद्धत जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते, तरी आपण डीएपी या रासायनिक खताचे दाणे टाकतोय! मावा आलाच तर पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, पडलेला मावा सहसा परत चढत नाही. (थोडा मरतो, तेवढं मान्य करा.) तिथेच काळी, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या मगरीसारखी अळी दिसली तर फेकू नका, ती लेडीबगचं पिल्लू आहे, मावा खायलाच आलीय.

कढीपत्त्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. पक्ष्याची विष्ठा वाटते ती फुलपाखराची लहान अळी, पुढे हिरवी होते, बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी शिंगं काढून घाण वास सोडते. लोक दया म्हणून तिला उचलून जास्वंदावर ठेवतात आणि ती तिथे उपाशी मरते, कारण तिला लिंबू, बेल, कढीपत्ता असलंच काहीतरी लागतं. नर्सरीतून एक जास्तीचा मीठा नीम, म्हणजे कढीपत्ताच, आणून ठेवा, तो तिचा.

मिलीबग, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, तिच्यामागे मुंग्या असतात. तिच्याकडून गोड चिकटा मिळतो म्हणून त्या लेडीबगला हाकलतात, त्यामुळे आधी मुंग्यांची वाट तोडा, कुंडी भिंतीपासून सरकवा, रेलिंगला टेकलेल्या फांद्या छाटा. कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवू नका, डास होतील, मग ते मारत बसाल.

आणि गिलकीवर जाळी टाकून विसरू नका, फुलं आली की काढा, नाहीतर मधमाशी आत जाणार कशी? फळ बोटभर झालं की त्यालाच कागदी पिशवी बांधा, फळमाशीला अंडी घालता येत नाहीत.